मदत हवी आहे: ऑनलाइन विक्रेता आमचा तवा दर पाडून विकतोय, डीलरना किमान दर बांधून देता येतो का?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचा बिडाच्या तव्यांचा छोटा धंदा आहे. ओतकाम शिरोलीतून करून घेतो, घासकाम आणि सीझनिंग आमच्याकडे. दहा इंची तव्याची एमआरपी 1,499, डीलरला 820 ला पडतो आणि दुकानात 1,199 च्या आसपास जातो. बरं चाललं होतं.

दिवाळीपासून एका मोठ्या संकेतस्थळावर कुणीतरी तोच तवा 949 ला लावलाय. विक्रेत्याचं नाव आम्ही कधी ऐकलेलं नाही. तीन किलोचा जिन्नस, कुरियर आणि कमिशन वजा जाता त्याच्या हाती काय उरतं देव जाणे. गेल्या आठवड्यात सांगलीच्या दुकानदारानं गिऱ्हाईक समोर उभं असताना फोन लावला, "साहेब, यांच्या मोबाइलवर काय दिसतंय ते तुम्हीच समजावा यांना." मी काय समजावणार, कप्पाळ! त्याची पुढची ऑर्डर आलेली नाही.

संकेतस्थळाकडे तक्रार केली, तर माल अस्सल असेल तर दरात आम्ही पडत नाही, असं उत्तर आलं. एका मित्रानं अमेरिकेतल्या कंपनीचं 'किमान जाहिरात दर' धोरण पाठवलंय. त्यावरून डीलरच्या करारात कलम घालायचा विचार आहे: 1,199 च्या खाली विकलं तर 25,000 दंड आणि माल बंद. चालेल का? कुणी केलंय का असं?

प्रतिसाद 1

दंडाचं कलम घालू नका. पुढे किती किमतीच्या खाली विकायचं नाही हे बांधून देणं स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3(4) मध्ये येतं. ऑगस्ट 2021 मध्ये स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला 200 कोटींचा दंड ठोकला तो याचसाठी. ठरल्यापेक्षा जास्त सूट देणाऱ्या डीलरला दंड, आणि ते पकडायला गिऱ्हाईक बनून जाणारी माणसं नेमलेली. प्रकरण अपिलात गेलं. त्याआधी 2017 मध्ये ह्युंदाईला 87 कोटींचा झाला होता, तो अपिलात 2018 मध्ये रद्द झाला. म्हणजे सरसकट बंदी नाही, बाजारातल्या स्पर्धेला खरोखर धक्का बसतो का ते बघतात. तुमच्याएवढ्या धंद्यानं तो बसणं अवघड, पण लेखी दंड म्हणजे आयता पुरावा.

अमेरिकेतलं धोरण जाहिरातीतल्या दरापुरतं असतं, दुकानात कितीला विकायचं ते दुकानदार ठरवतो. ऑनलाइन मात्र पानावरचा दर हीच जाहिरात आणि हाच विक्रीभाव. म्हणून तिकडे कित्येक ठिकाणी वस्तू कार्टमध्ये टाकल्यावरच खरा दर दिसतो. आणि एमआरपीच्या वर विकणं गुन्हा आहे, खाली नाही.

प्रतिसाद 2

ट्रेडमार्कची नोटीस धाडू नका, आम्ही वकिलाची फी घालवून बसलोय. रीतसर विकत घेतलेला अस्सल माल पुढे विकणं ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 30(3) नुसार उल्लंघन ठरत नाही. मालात फेरफार केल्यासारखं सबळ कारण असेल तरच 30(4) कामाला येतं.

दर सोडा, माल कुठून फुटतोय ते शोधा. स्वतः एक तवा मागवा आणि बॅच नंबर बघा. करारात घालायचंच तर 'लेखी परवानगीशिवाय ऑनलाइन विक्री नाही' एवढं घाला, तेही वकिलाला दाखवून. आणि एक विचारतो, दिवाळीत काही स्कीम होती का?

धागाकर्ता

होती. दहावर एक फुकट. म्हणजे तवा 745 ला पडला.

मागवलेला तवा आज आला. दांड्याखालचा नंबर वहीत ताडून पाहिला. त्या लॉटचे 220 नग एकाच डीलरकडे गेलेत, सोलापूरला. बाबांच्या वेळेपासूनचे आहेत, घरी आले की आईच्या हातचं जेवून जातात. स्कीम आजपासून बंद केली. पण त्यांना आधी फोन करू, की सरळ नव्या कराराचं पत्र पाठवू?