बाजार पटांगणाचा आराखडा कॉलेजच्या मुलांकडून करून घ्यावा का?

कृष्णाकाठ (प्रश्न):
नमस्कार. पलूस तालुक्यातल्या एका गावचा ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. आमच्याकडं बुधवारी बाजार भरतो. पटांगणाच्या मधोमध पिंपळाचा पार. २०१९ च्या पुरात इथं डोक्यावरून पाणी गेलं होतं.

मागं एका सल्लागाराकडून आराखडा करून घेतला होता. चित्र देखणं होतं, कारंजं, बाकडी, सगळं. पण त्यात पिंपळच नव्हता. काढणारा माणूस बुधवारी कधी गावात आलाच नव्हता. त्यातली फक्त पत्र्याची शेड झाली, तीही पश्चिमेला उघडी. दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं, मग भाजीवाल्या बायका शेड सोडून गटाराकडेला, तालमीच्या भिंतीच्या सावलीत बसतात. एक आजी कोथिंबिरीवर ओलं पोतं टाकून सारखं पाणी मारत असतात. बायकांसाठी मुतारी नाही. सकाळी आठला आलेल्या बायका घरी जाईपर्यंत पाणी पीत नाहीत. हे त्या आजींनीच सांगितलं, तेव्हापासून मन लागत नाही.

आर्किटेक्चर, इंजिनिअरिंगची मुलं अशी कामं करून देतात असं ऐकलंय. कुणाला भेटायचं? त्यांच्या नकाशावर काम काढता येतं का?

निवृत्त प्राध्यापक, विश्रामबाग:
जरूर करून घ्या. केंद्राच्या उन्नत भारत अभियानात कॉलेजं किमान पाच गावं दत्तक घेतात. राज्याचं उन्नत महाराष्ट्र अभियान २०१६ पासूनचं, त्यामागं आयआयटी मुंबईचं सितारा (CTARA) हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी कॉलेज आहे, कराडला शासकीय अभियांत्रिकी आहे. तिथं अभियानाचे समन्वयक कोण ते विचारा आणि सत्र सुरू होण्याआधी भेटा. एकदा मुलांचे प्रोजेक्ट ठरले की वर्ष गेलं.

नकाशावर थेट काम निघत नाही. अंदाजपत्रक आणि तांत्रिक मंजुरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागातूनच होणार. म्हणून शाखा अभियंत्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. नाहीतर मुलांचा आराखडा कपाटात राहतो. मुलांकडून आधी रंगीत चित्र मागू नका, मोजमापाचा नकाशा मागा: झाडं, गटाराचा उतार, पाण्याची पातळी, बुधवारी कोण कुठं बसतं. आणि जागा निळ्या पूररेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्याच्या, आत आहे का ते पाटबंधारेकडून लेखी घ्या. आत असेल तर पक्कं बांधकाम विसरा.

माणदेशी लेक:
दादा, आमच्या गावात मुलं चार दिवस शाळेत मुक्कामाला होती. त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. कागद बाजूला ठेवला आणि फक्कीनं जमिनीवरच मुतारी आखली, दार, भिंत, पायरी, सगळं. बायकांना म्हणाली, आत उभ्या राहून बघा. माझी सासू उभी राहिली आणि लगेच म्हणाली, दार एसटी थांब्याकडं नको, सगळे बघत बसतात. तिथल्या तिथं दार फिरवलं. नकाशा दाखवून हे कुणी बोललं नसतं.

पण एक नडलं. परीक्षा झाल्यावर मुलं पांगली, मूळ फाइल एकाच्या लॅपटॉपमध्ये राहिली. आजवर मिळाली नाही. तुम्ही मात्र ग्रामसेवकाकडं प्रत जमा झाल्याशिवाय त्यांना निरोप देऊ नका. जेवणखाण आणि गाडीभाडं गावानं करावं, पोरं शिकायला येतात.

वास्तुरचना विद्यार्थी, कोल्हापूर:
अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठाचा रुरल स्टुडिओ आहे, १९९३ पासून. अलाबामातल्या हेल काउंटीत मुलं राहतात आणि नुसते नकाशे काढत नाहीत, बांधतातही. न्यूबर्न या छोट्या गावाचं अग्निशमन केंद्र आणि टाऊन हॉल त्यांनीच उभा केला. वर्षानुवर्षं तोच भाग धरून बसल्यानं जमलं. आमच्याकडं बॅच बदलली की गाव बदलतं. म्हणून कॉलेजशी एका वर्षाचा नको, तीन वर्षांचा करार करा. एक वर्ष मोजणी, दुसऱ्या वर्षी आराखडा, तिसऱ्या वर्षी काम चालू असताना देखरेख.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडतो, तीन वर्षांचाच. मुलांना बुधवारीच बोलवायचं, हे ठरावात लिहून घेणार.

ताई, फक्कीचं पोतं आणून ठेवलंय. पहिल्यांदा त्या कोथिंबीरवाल्या आजींना उभं करतो. आज टेप घेऊन तालमीच्या भिंतीवरची पुराची खूण मोजली. पारापासून सात फूट चार इंच भरली. हा आकडा मुलांना सगळ्यात आधी देणार.