टोमॅटोची पानं कडेनं करपतायत, पालाशासाठी (पोटॅशसाठी) चुलीची राख घालू का?

गच्चीवरची बाग, जुळे सोलापूर
आठ कुंड्यांत टोमॅटो आहेत. माती शेतातली काळी, त्यात शेणखत. खालच्या जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतायत, फळंही एकसारखी रंगत नाहीत. पालाश कमी पडलं असणार. सासूबाई कडक भाकरी चुलीवर करतात, त्यामुळे बाभळीची राख पोतंभर आहे. घालू का? रासायनिक खत नकोय.

कढीपत्ता
बिनधास्त घाला. आमची आई प्रत्येक झाडाला मूठभर घालायची.

काळी माती
ताई, थांबा. राखेत पालाश असतं आणि ते पाण्यात लगेच विरघळतं, हे खरंच. पण आपली काळी माती आधीच चुनखडीची, सामू (pH) आठच्या आसपास. राखेनं तो आणखी चढतो, मग लोह आणि जस्त मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. कोकणातल्या आंबट लाल मातीला राख मानवते. इथे मी तिच्यापायी मोगऱ्याची तीन झाडं घालवली. कोवळी पानं पिवळीफटक पडली तरी मी राख घालतच राहिलो, याचं अजून वाईट वाटतं.

त्यापेक्षा पालाशासाठी केळी धरा. करमाळ्याकडे कंदर भागात घड उतरवल्यावर खोडं बांधावर पडून असतात. कुणी येणार-जाणार असेल तर एक मागवा, बारीक तुकडे करून कंपोस्टमध्ये टाका. नाहीतर घरच्या साली. कच्च्या पुरू नका, कुंडीत चिलटं होतात. आपल्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत वाळतात, मग चुरून कंपोस्टमध्ये मिसळा आणि तयार झालेलं दर पंधरा दिवसांनी दोन मुठी द्या.

पण पाणी कोणतं घालता? बोअरच्या खारट पाण्यानंही कडा अशाच जळतात.

गच्चीवरची बाग, जुळे सोलापूर
बोअरचंच. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कुंड्यांच्या काठावर पांढरा थर आहे खरा.

काळी माती
मग आधी क्षार धुवा. नळाचं पाणी येईल त्या दिवशी एकेका कुंडीत खालच्या भोकातून भरपूर निथळेपर्यंत सावकाश ओता, तळातली थाळी काढून ठेवा. करपलेली पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. वरची नवी पानं आठ-दहा दिवस पाहा आणि इथे कळवा.