पावसाळ्यात कोंबड्यांच्या आवारात खाली काय टाकावं?

परसदार_चिपळूण
जाळीचं आवार १० बाय २० फूट, वर छप्पर नाही, २० गावठी कोंबड्या. खाली जांभा, वर लाल माती. आत नुसता राडा झालाय. भाताचं तूस आठ पोती टाकलं. अर्धं तरंगत जाऊन जाळीला चिकटलं, उरलेलं चिखलात कालवलं गेलं. आता वाळू, खडी की पेंढा? पेंढा घरचा भरपूर आहे.

सड्यावरचा
पेंढा उघड्यावर नकोच. दोन दिवसांत दबून चटई होते, खाली बुरशी धरते, आणि ती बुरशी उकरताना कोंबड्यांच्या छातीत जाते. तूस आणि पेंढा फक्त पत्र्याखाली.

आधी पाणी काढा. वरचा दोन-तीन इंच रेंदा फावड्याने ओढून बाहेर टाका, माडाच्या मुळात चालेल. उताराच्या वरच्या अंगाला जाळीबाहेर एक फूट खोल चर मारा, म्हणजे परड्यातलं पाणी आत शिरणार नाही. आतला उतार २० फुटांना पाच इंच असला तरी पुरे. खुराड्याच्या पागोळ्या आवारात पडत असतील तर पन्हळ लावा. निम्मा चिखल तिथेच असतो.

मग ४० एमएम खडी चार इंच. तुमच्या २०० चौरस फुटांना ६७ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासला जरा कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तिच्यावर लाकडाच्या ढलप्या सहा इंच, बरोबर एक ब्रास. अंगठ्याएवढ्या जाड हव्यात. वखारीतला बारीक भुसा नको, त्याचा लगदा होतो. प्लायवूडचा तर अजिबात नको, त्यात डिंक आणि औषध असतं. कडेला चिऱ्यांची एक ओळ लावा, नाहीतर कोंबड्या आठवड्यात सगळं बाहेर उकरतील. चिऱ्यांत मधे मधे दोन बोटं फट ठेवा, पाणी कुठून जाणार?

माडबन
इतका खर्च कशाला? नारळाची सोडणं फुकट मिळतात, उपडी अंथरायची.

सड्यावरचा
माडाच्या आळ्यात आपण सोडणं पुरतो ती ओल धरायला. तेच काम ती इथेही करतील. कोकोपीटचंही (सोडणांचा भुसा) तेच.

खुराडं_२०
ढलप्यांशी सहमत. वाळू हवीच असेल तर पत्र्याखालच्या भागात, चार इंच, जाड आणि धुतलेली. प्लास्टरची बारीक किंवा क्रशरची कच विष्ठेत मिसळून सिमेंटसारखी बसते. समुद्राची रेती खारट, कोंबड्या टिपतात, नको. उघड्यावर वाळू टाकली तर पावसात विष्ठा विरघळून वरच खपली धरते. खडीच्या धारदार कपच्या वर उघड्या राहू देऊ नका, तळव्याला चिरा पडून गाठ होते.

परसदार_चिपळूण
वास फार मारतोय. चुना मारू का? खडी आणि माती मिसळू नये म्हणून मधे गोणपाट चालेल?

खुराडं_२०
गोणपाट एका पावसात कुजतं. जिओटेक्सटाइल (पाणी जाऊ देणारं, न कुजणारं कापड) मिळालं तर खडीच्या खाली घाला. जुनं मासेमारीचं जाळं घालू नका, उकरून वर आलं की नख्या अडकतात.

चुना आत्ता नको. विष्ठा साचलेल्या ओल्या थरावर तो पडला की अमोनिया आणखी सुटतो, डोळे चुरचुरतात. कळीचा चुना तर पाय भाजतो. रेंदा काढल्यावर उघड्या जमिनीवर विरलेला चुना भुरभुरवा, दोन दिवस कोंबड्या बाहेर ठेवा, मग खडी. रक्ती हगवणीचे जंतू चुन्याने मरतात असं धरून चालू नका. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते लागण करण्याजोगे होतात. पिल्लं पंख पाडून बसली, विष्ठेत रक्त दिसलं तर पशुवैद्य गाठा.

पत्र्याखालच्या तुसाची परीक्षा मुठीत: दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, मोकळं झालं तर ठीक. ओला भाग लगेच उचलून नवं टाका, बहुतेक वेळा तो पाण्याच्या भांड्याखालीच सापडतो. भांडं विटेवर चढवा.

परसदार_चिपळूण
ढलप्या किती टिकतील?

सड्यावरचा
साधारण दोन पावसाळे. खालचा थर काळा, भुसभुशीत झाला की चाळून वाफ्याला घाला आणि वर तीन इंच नव्या टाका. खडी उचलायची गरज नाही.