स्टॉप लॉस नक्की किती टक्क्यांवर ठेवावा?

सांगलीकर:
नमस्कार. घरखर्च, विमा आणि अडीअडचणीची राखीव रक्कम बाजूला ठेवून उरलेल्या तीन लाख रुपयांतून मी स्विंग ट्रेडिंग, म्हणजे काही दिवस ते काही आठवडे मुदतीचे व्यवहार करणार आहे. कोणी सरसकट पाच टक्क्यांवर स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरलेल्या पातळीपर्यंत उतरला की शेअर विकण्याची ऑर्डर, ठेवायला सांगतात, तर कोणी म्हणतात की कंपनी चांगली असेल तर भाव उतरल्यावर आणखी शेअर घेऊन सरासरी खाली आणावी. यांतले योग्य काय आणि का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त हिशेबनीस:
टक्केवारीच्या आधी हे ठरवा की हा व्यवहार चुकला तर आपण किती रुपये सोडायला तयार आहात. समजा, भांडवलाचा एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. ५०० रुपयांचा शेअर घेताना आलेखावरची आधारपातळी (उतरता भाव जिथे सहसा थांबतो ती पातळी) पाहून ४८५ ला बाहेर पडायचे ठरले, तर शेअरमागे जोखीम १५ रुपयांची आणि म्हणून शेअर २००. तोच शेअर जास्त हेलकावे खाणारा असल्यामुळे पातळी ४७० ठेवावी लागली, तर शेअर १००. बाहेर पडण्याचा भाव शेअरच्या चालीवरून ठरतो आणि शेअरची संख्या आपल्या ऐपतीवरून. सरसकट पाच टक्के धरले की दोन्हींचा विचार सुटतो.

सरासरी खाली आणण्याचा मार्ग मात्र या मुदतीत अजिबात धरू नका; भाव उतरतच राहिला तर वाढवलेल्या शेअरमुळे तोटाही वाढतो. भांडवल २० टक्के घटले तर मूळपदावर यायला २५ टक्के नफा पुरतो, पण निम्मे गेले तर उरलेले दुप्पट करावे लागते.

ठाणेकर:
वरील हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. २०० शेअर म्हणजे एक लाख रुपये, अर्थात एक तृतीयांश भांडवल एकाच कंपनीत. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी शेअर निम्म्याहूनही खाली बंद झाला. अशा वेळी ४८५ ला ग्राहकच नसतो. स्टॉप लॉस ही केवळ ऑर्डर आहे, त्या भावाची हमी नाही. तेव्हा जातील ते ३,००० नव्हे, ५०,००० रुपये. म्हणून एका शेअरमध्ये १५ टक्क्यांहून अधिक रक्कम नको, ही दुसरी मर्यादा मी आवश्यक मानतो. तिने संख्या ९० वर येते. शिवाय चार बँकांचे शेअर घेतले तर ते चार स्वतंत्र व्यवहार समजू नयेत, कारण ते बहुधा एकत्रच उतरतात.

मीनल, नाशिक:
मनाचा भाग राहिला. नफ्यातला शेअर घाईने विकायचा आणि तोट्यातला धरून ठेवायचा, ही गुंतवणूकदारांची प्रवृत्ती शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्येच मांडली होती. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समधील (वायदे व्यवहारांतील) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, आणि सलग तोटा होऊनही त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक जण थांबले नाहीत. आपला व्यवहार रोखीच्या बाजारातला असला, तरी मन तेच असते. भाव उतरू लागल्यावर माणूस निर्णय घेत नाही, कारणे शोधतो. म्हणून बाहेर पडण्याचा भाव खरेदीपूर्वी लिहून ठेवावा आणि खरेदी होताच ऑर्डर टाकावी. साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्याच दिवशी रद्द होते. आपल्या ब्रोकरकडे जीटीटीची, म्हणजे ठरलेला भाव येईपर्यंत अनेक दिवस कायम राहणाऱ्या ऑर्डरची सोय असेल तर ती वापरावी, म्हणजे रोज सकाळी पुन्हा ठरवण्याची वेळ येणार नाही.