चौदाव्या वर्षी नवी भाषा

कुटुंब परदेशी राहायला जातंय, तर मुलीला तिथल्या भाषेतल्या स्थानिक शाळेत घालावं की आंतरराष्ट्रीय शाळेत? 'मुलं सहा महिन्यांत भाषा उचलतात, बिनधास्त स्थानिक शाळेत घाला' हे मत सहा वर्षांच्या मुलाबद्दल मला पटलं असतं. इथे प्रश्न चौदा वर्षांच्या मुलीचा आहे.

मैदानावर बोलायची भाषा आणि इतिहासाचं उत्तर लिहायची भाषा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ च्या सुमारास मांडला. गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा वर्गाच्या बरोबरीने यायला मात्र पाच ते सात वर्षं लागू शकतात. चौदाव्या वर्षी तेवढा वेळ हातात नसतो. शिक्षकही फसतात बरं का! मूल फाडफाड बोलतं, म्हणून त्याची जादा भाषेची तासिका बंद होते, आणि मग गुण घसरले की 'अभ्यास करत नाही' असा शिक्का बसतो.

म्हणून शाळेला आधी हे विचारा: नवीन मुलांसाठी वेगळा भाषावर्ग किती महिने चालतो? तोवर गणित-विज्ञान थांबतं का? शालान्त परीक्षा कितव्या वर्षी?

मुक्काम दोन-तीन वर्षांचाच असेल तर मी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची शाळा बघेन, देश बदलला तरी तो पुढे चालू ठेवता येतो. कायमचं जाणार असाल तर स्थानिक शाळाच, पण एक इयत्ता खाली बसवायची तयारी ठेवून. आणि मुलीला आधी विचारा, तिचे मित्रमैत्रिणी सुटणार आहेत.

घरी मराठी अजिबात सोडू नका. एका भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसरीत नव्याने शिकावी लागत नाही, फक्त शब्द शोधावे लागतात.