पानगळीच्या चित्रांसाठी मराठवाड्यात काय पाहावे?

प्रश्न (लातूरहून)
नमस्कार. मी जलरंगात निसर्गचित्रे करते. शरदापासून शिशिरातल्या पानगळीपर्यंतच्या काळावर एक चित्रमालिका करण्याचे मी ठरवले आहे. या विषयावरची जी चित्रे सहज पाहायला मिळतात त्यांत मेपल आणि बर्चची लाल-सोनेरी झाडे असतात. आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू असते आणि कडुनिंब हिरवागारच असतो. आपल्या भागातल्या चित्रकाराने प्रेरणा कोठून घ्यावी आणि कोणाची कामे अभ्यासावीत, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर (किनवटहून)
ताई, पौष-माघात किनवट-माहूरकडच्या सागाच्या जंगलात या. थंड देशांत दिवस लहान होऊन गारठा वाढला की पानांतले हरितद्रव्य मोडते, त्यामागे दडलेला पिवळा रंग उघड होतो आणि काही झाडांत लाल रंगद्रव्य नव्याने तयार होते. आपल्याकडची झाडे मात्र मुख्यतः जमिनीतली ओल आटू लागल्यामुळे, पाणी राखण्यासाठी पाने टाकतात. त्यामुळे सागाचे पान झगझगीत न होता पिवळसर आणि मग तपकिरी होत जाते. माझ्या मते आपल्या पानगळीत रंगापेक्षा आकार आणि पोत अधिक बोलतात: मोठे, खरबरीत, वाळून आत वळलेले पान, आणि किडीने खाल्लेल्या पानात उरलेली शिरांची जाळी. तांबूस छटा हवी असेल तर धावडा शोधा.

शिवाय येथे पानगळ आणि बहर एकमेकांत मिसळलेले असतात. पळस निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुलतो, आणि कुसुंबाची कोवळी पालवीच इतकी लाल असते की दुरून ती पिकलेली पाने वाटावीत. हा संगम आपल्या चित्रमालिकेत यावा, असे मनापासून वाटते.

उत्तर (छत्रपती संभाजीनगरहून)
परदेशी चित्रे टाळू नका. त्यांतली झाडे सोडा आणि रचना पाहा. रशियन चित्रकार आयझॅक लेव्हिटान यांच्या १८९५ च्या ‘सोनेरी शरद’ या चित्रात बर्चचा पिवळा रंग नदीच्या गडद निळ्यामुळे उजळतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७३ मध्ये पॅरिसजवळच्या आर्जांतय येथे केलेल्या शरदाच्या चित्रातही नारिंगी झाडे आणि निळे पाणी समोरासमोर आहेत. पावसाने धुतलेले आश्विनातले आकाश आणि त्याखालचे वाळते गवत यांचा संबंध नेमका असाच असतो. आपल्या परंपरेतली बारमासा लघुचित्रेही (वर्षाचे बारा महिने दाखवणारी छोटी चित्रे) अवश्य पाहावीत, कारण त्यांत महिना केवळ झाडांवरून नव्हे, तर माणसांच्या कामांवरून आणि सणांवरून ओळखू येतो.

रंगांसाठी अजिंठा जवळच आहे. तेथील चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा एवढ्या मोजक्या रंगांवर बहुतेक काम केले. लाजवर्द या निळ्या दगडापासूनचा निळा तेवढा दुरून आणलेला होता. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि एक निळा एवढ्यावरच पहिली दोन-तीन चित्रे करून पाहावीत, असे मी सुचवेन.

उत्तर (बीडहून)
शरद शेतात पाहावा. सोयाबीन पाने गाळून उभे असते किंवा कापून त्याची बनीम (रचलेला ढीग) लागलेली असते, शेजारी तूर हिरवी असून पिवळ्या फुलांवर येत असते, कापसाची वेचणी चालू असते आणि रब्बीच्या ज्वारीसाठी तयार केलेली काळी जमीन ओलीच दिसते. बालाघाटाच्या माळांवरचे कुसळी गवतही तोवर सोनेरी होते.

प्रश्नकर्तीकडून
सर्वांचे आभार. कुसळी गवताची चमक जलरंगात कशी साधावी? पांढरा रंग वरून लावला की ती मळकट दिसते.

उत्तर (छत्रपती संभाजीनगरहून)
सूर्य गवताच्या मागे असताना, सायंकाळी बसावे. तुऱ्यांच्या जागी कागद कोराच राखावा, आवश्यक तेथे मास्किंग फ्लुइड (कागदावर रंग बसू न देणारा, नंतर काढून टाकता येणारा द्रव) वापरावे, मागची टेकडी गडद करावी आणि सर्वांत शेवटी कोऱ्या जागेवर यलो ऑकरचा अगदी पातळ हात द्यावा.