एसडीए आणि एसडीबी यांवर विसंबू नका

लिनक्स इन्स्टॉल करताना माझी फोटोंची डिस्क पुसली गेली. त्यावर 'इन्स्टॉलरचा शेवटचा इशारा नीट वाचला असता तर डेटा गेला नसता' असं जे म्हटलं जातंय, ते मला पटत नाही. इशारा मी दोनदा वाचला होता. त्यात लिहिलं होतं की एसडीबीवरची (लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतं) विभाजनं, म्हणजे पार्टिशन, पुसली जातील. पण माझ्या मशीनमध्ये एकाच कंपनीच्या, ५०० जीबीच्या दोन डिस्क आहेत, आणि पडद्यावर दोन्हींपुढे ४६५ हाच आकडा. (कंपनी हजाराच्या पटीत मोजते, इन्स्टॉलर १०२४ च्या, म्हणून आकडा डब्यावरच्याशी जुळत नाही.) घरातले सगळे फोटो ज्या विभाजनावर होते त्याला मी 'फोटो' असं लेबल दिलं होतं. ते त्या पडद्यावर कुठेच दिसलं नाही. मग वाचून कळणार काय?

इथे कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे, लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात. पुढच्या बूटला तोच क्रम राहील याची खात्री नसते. मी आदल्या रात्री कागदावर 'एसडीए = फोटो' असं लिहून ठेवलं होतं; सकाळी पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर तीच डिस्क एसडीबी झाली होती. आता मी आधी लाइव्ह सत्रात (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्समध्ये) टर्मिनल उघडून एलएसबीएलके (lsblk) या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने सिरीयल नंबर आणि लेबल बघतो, नंबर डिस्कवरच्या स्टिकरशी ताडतो, आणि ज्या डिस्कला हात लावायचा नाही तिची केबल मशीन बंद करून सरळ काढून ठेवतो. इन्स्टॉलरने सिरीयल, लेबल आणि किती जागा भरलेली आहे एवढं त्याच ओळीत दाखवायलाच हवं.